पांढरा अल्बम, तीन आरोप आणि ५० वर्षांनी उघडलेल्या टेप

इअरफोन लावले असतील तर एकदा बघून घ्या, डावा डाव्याच कानात आहे ना आणि उजवा उजव्या. एरवी उलटसुलट झाले तरी काही बिघडत नाही. आजच्या भागात बिघडेल.

आज बोलायचंय बीटल्सच्या १९६८ सालच्या डबल अल्बमबद्दल. त्याचं अधिकृत नाव नुसतं 'द बीटल्स'. पण कव्हर पांढरंफटक, म्हणून सगळं जग त्याला 'व्हाइट अल्बम' म्हणतं. तुम्ही स्ट्रीमिंग ॲपवर तो शोधलात तर एक गोष्ट लक्षात येईल. काही ठिकाणी गाण्याच्या नावापुढे 'रिमास्टर्ड २००९' असं लिहिलेलं दिसतं, काही ठिकाणी '२०१८ मिक्स'. गाणं तेच, गाणारे तेच, मग ही शेपटं कशाला? आणि ऐकायचं कुठलं?

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अल्बमला ५० वर्षं होत आली होती, त्या निमित्ताने नवी आवृत्ती आली. नुसता अल्बम नाही, बरोबर स्टुडिओतल्या आतल्या टेपसुद्धा आल्या. मग जुन्या श्रोत्यांनी परत ऐकायला घेतला, नव्यांनी पहिल्यांदा ऐकला, आणि पन्नास वर्षं घोटून घोटून सांगितलेली एक गोष्ट हलायला लागली. ती गोष्ट अशी: चौघे आपापसांत भांडत होते, प्रत्येकाने आपापली गाणी आणून एका पाकिटात कोंबली, आवाजाचा मेळ नाही, आणि निम्मा अल्बम काढून टाकला असता तर उरलेला अजरामर झाला असता.

मला वाटतं हा खटला परत चालवायला हरकत नाही. आरोप तीन आहेत. एक, आवाज विस्कळीत. दोन, बँड फुटलेला. तीन, अल्बम उगाच लांब. साक्षीला माणसं कमी बोलवू, टेप जास्त ऐकू. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी, कारण या गोष्टीची सुरुवात आपल्याकडची आहे.

आधी मुंबई, मग ऋषिकेश

जानेवारी १९६८. जॉर्ज हॅरिसन मुंबईत येतो. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमासाठी तो संगीत रेकॉर्ड करतो. सोबत कोण, तर सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. नावं बघा जरा! पुढे ज्यांचे कार्यक्रम ऐकायला लोक रात्र रात्र जागले, ती मंडळी तेव्हा तरुण होती आणि एका इंग्रज पोरासोबत सिनेमाचं संगीत वाजवत होती. त्याच मुक्कामात 'दि इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही मुंबईत रेकॉर्ड झालं. ते गाणं मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं. म्हणजे बीटल्सच्या नावावरच्या एका गाण्यात आपला फोर्ट आहे.

फेब्रुवारीत चौघेही ऋषिकेशला पोचले, महर्षी महेश योगींच्या आश्रमात, ध्यान शिकायला. रिंगो स्टार पोटाच्या तक्रारी सांभाळून होता, त्याला तिखट चालायचं नाही, म्हणून त्याने घरून डबाबंद बीन्स आणले होते. तो दहा-बारा दिवसांत परतला. पॉल मॅकार्टनी मार्चअखेर गेला. जॉन लेनन आणि जॉर्ज एप्रिलपर्यंत राहिले, आणि महर्षींवर नाराज होऊन निघाले. ती जागा आता राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येते आणि २०१५ च्या अखेरीपासून लोकांना तिकीट काढून बघता येते.

ध्यान किती झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण गाणी मात्र ढिगाने झाली. हातात अकूस्टिक गिटार, समोर गंगा, मागे लागलेले पत्रकार फाटकाबाहेर. स्कॉटिश गायक डॉनोवनही तिथे होता. त्याने जॉनला बोटांनी एकेक तार छेडत वाजवायची पद्धत शिकवली. 'डिअर प्रूडन्स' आणि 'ज्युलिया' या गाण्यांतली गिटार ऐका, ती त्या शिकवणीची आहे.

आता गंमत बघा. आधीच्या अल्बममध्ये इंग्लंडमध्ये बसून यांनी सतार, तबला, तंबोरा सगळं वापरलं होतं. प्रत्यक्ष भारतात येऊन गाणी लिहिली, आणि त्या अल्बममध्ये सतार औषधालाही नाही. मला हे फार बोलकं वाटतं. भारतातून त्यांनी या वेळी वाद्य नेलं नाही, निवांतपणा नेला. वीज, ॲम्प्लिफायर, स्टुडिओतली यंत्रं यांपासून लांब बसल्यामुळे गाणं पुन्हा एक आवाज आणि एक गिटार इतकं साधं झालं. आणि यानंतर जे घडलं त्याची नोंद टेपवर आहे.

एशरच्या बंगल्यातल्या टेप

मे १९६८. लंडनजवळच्या एशर या गावात जॉर्जचा बंगला होता. तिथे त्याचं चार ट्रॅकचं टेप मशीन. बँडने ऋषिकेशहून आणलेली गाणी तिथे कच्च्या स्वरूपात रेकॉर्ड केली. गिटार, थोडी टाळ्या-थापट्यांची साथ, मधूनच हसणं. अशी २७ गाणी २०१८ च्या संचात एकत्र आली. त्यातली काही १९९६ मध्ये 'अँथॉलॉजी ३' मध्ये येऊन गेली होती, बाकीची वर्षानुवर्षं चोरट्या रेकॉर्डवर खराब आवाजात फिरत होती.

हा बंगल्यातला गठ्ठा लक्षात ठेवा. दुसऱ्या आरोपाच्या वेळी तो आपल्याला लागणार आहे.

स्टुडिओतलं काम ३० मेला सुरू झालं आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चाललं. २२ नोव्हेंबर १९६८ ला अल्बम बाजारात आला. दोन रेकॉर्ड, चार बाजू, ३० गाणी, साधारण ९३ मिनिटं. कव्हर रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराचं. पूर्ण पांढरं, त्यावर उठावाची अक्षरं आणि खाली अनुक्रमांक. जणू रेशनकार्डच! रिंगोकडची पहिल्या क्रमांकाची प्रत २०१५ मध्ये लिलावात ७,९०,००० डॉलरला गेली.

तेव्हाही समीक्षकांचं एकमत नव्हतं. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये टोनी पामरने लेनन-मॅकार्टनीला थेट शूबर्टच्या रांगेत नेऊन बसवलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये निक कोनने अल्बमला कंटाळवाणा ठरवलं. दोघांनी एकच रेकॉर्ड ऐकली होती. की नव्हती? थांबा, तिथेच पहिला आरोप येतो.

पहिला आरोप: आवाज विस्कळीत आहे

आधी दोन शब्द स्वच्छ करून घेऊ, कारण जाहिरातीत ते कसेही वापरतात.

समजा, घरात लग्नाचा जुना ग्रुप फोटो आहे. तो पिवळा पडलाय, डाग पडलेत. तुम्ही स्कॅन करून डाग काढले, रंग उजळले. माणसं होती तिथेच आहेत, फक्त फोटो साफ दिसतोय. हे झालं रिमास्टर. तयार मिक्स झालेली जी अंतिम टेप असते तिच्यावरच हे काम होतं.

आता समजा, त्या फोटोतल्या प्रत्येक माणसाचा वेगळा फोटोही तुमच्याकडे आहे. तुम्ही कोपऱ्यातल्या आत्याला पुढे आणलं, काकांना जरा बाजूला सरकवलं, नवरा-नवरीवर उजेड टाकला. माणसं तीच, पण उभं राहायची जागा तुम्ही ठरवलीत. हे रिमिक्स. त्यासाठी मूळ मल्टिट्रॅक टेप लागतात, ज्यांत ड्रम, बास, गिटार, आवाज असे निरनिराळ्या पट्ट्यांवर असतात.

२००९ मध्ये झालं ते रिमास्टर. ॲबी रोडच्या इंजिनीअरांनी चार वर्षं खपून बीटल्सचे सगळे अल्बम साफ केले, ९ सप्टेंबर २००९ ला ते आले. २०१८ मध्ये झालं ते रिमिक्स. ते केलं जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी. जाइल्स हा जॉर्ज मार्टिनचा मुलगा, आणि जॉर्ज मार्टिन म्हणजे बीटल्सचा निर्माता. बापाने बांधलेलं घर मुलाने आतून नव्याने लावलं असं म्हणा.

मग मुळात बिघडलं काय होतं? १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत एका स्पीकरचा रेकॉर्ड प्लेयर असायचा. म्हणून मोनो मिक्स हे महत्त्वाचं काम. स्टिरिओ नवं होतं, श्रीमंतांच्या घरातलं होतं. त्या काळच्या स्टिरिओ मिक्समध्ये ड्रम एका टोकाला, आवाज दुसऱ्या टोकाला असं सर्रास केलेलं सापडतं. खोलीत दोन स्पीकर असले की हे खपून जातं, कारण दोन्हीकडचा आवाज हवेत मिसळतो. पण इअरफोनमध्ये हवा कुठे आहे? डावा कान फक्त डावं ऐकतो. बसमध्ये मैत्रिणीला एक इअरफोन दिलात तर तिच्या वाट्याला निम्मंच गाणं. आपण सगळे आज असेच ऐकतो, आणि ही सवय १९६८ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आणखी एक भानगड. 'व्हाइट अल्बम' हा बीटल्सचा शेवटचा अल्बम, ज्याचं मोनो मिक्स वेगळं बसून केलं गेलं. आणि ते स्टिरिओसारखं नव्हतं! 'हेल्टर स्केल्टर' हे त्यांचं सगळ्यात आडदांड गाणं घ्या. स्टिरिओत ते विरत जातं, परत येतं, आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडून सांगतो. मोनोत हा शेवटच नाही, गाणं जवळजवळ मिनिटभर आधी संपतं. 'डोन्ट पास मी बाय' मोनोत जरा वेगाने पळतं. अमेरिकेत मात्र अल्बम फक्त स्टिरिओत विकला गेला. म्हणजे लंडनचा समीक्षक आणि न्यूयॉर्कचा समीक्षक यांच्या हातात वेगळा माल असण्याची पूर्ण शक्यता होती.

म्हणून कुणी म्हणालं की "मला ओरिजिनल तेच हवं," तर हसून विचारायचं, "ओरिजिनल कुठलं, मोनो की स्टिरिओ?" १९८७ मध्ये सीडी आली ती स्टिरिओची, त्यामुळे पुढच्या पिढीला दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं.

आता नव्या मिक्सचा परिणाम. मी एकच गाणं उदाहरणाला घेतो, 'लाँग, लाँग, लाँग'. गाणं जॉर्जचं. 'हेल्टर स्केल्टर'चा धुडगूस संपतो आणि लगेच हे येतं, इतकं हळू की लोक आवाज वाढवायला हात पुढे करतात. कित्येक जण वर्षानुवर्षं ते भरीचं गाणं समजून पुढे ढकलत आले. २०१८ च्या मिक्समध्ये जॉर्जचा आवाज कानाशी येतो. तो कुजबुजत नाहीये, प्रार्थना करतोय, हे कळतं. रिंगोचे ड्रम मधूनच वीज चमकावी तसे येतात. आणि शेवटी एक विचित्र खडखड ऐकू येते. ती काय आहे माहितीये? पॉल ऑर्गन वाजवत होता, आणि ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरवर वाइनची बाटली ठेवलेली होती. एका विशिष्ट सुराला ती थरथरायला लागली. यांनी थांबवलं नाही, ती खडखडच गाण्याचा शेवट केली. ऑक्टोबर १९६८, अल्बम संपायला आठवडाभर उरलेला, आणि बाटलीसुद्धा सुरात.

मग पहिल्या आरोपाचा निकाल? मला वाटतं आरोप निम्मा खरा होता. गाणी विस्कळीत नव्हती, आपल्यापर्यंत पोचवणारी वाट अरुंद होती.

पण दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. मिक्स हाही एक निर्णय असतो. 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये पूर्ण रंगीत करून परत लावला, तेव्हा कित्येकांना आनंद झाला आणि कित्येकांनी विचारलं की दिग्दर्शक हयात नसताना हा रंग कुणी ठरवला? आणि 'झंकार बीट्स'च्या कॅसेट आठवत असतील तर घरातल्या मोठ्यांना विचारा. जुन्या गाण्यावर नवा ठेका चिकटवला की रिक्षात मजा येते, पण गाण्याचा श्वास कोंडतो. २०१८ च्या मिक्समध्ये बाहेरून काही चिकटवलेलं नाही, जे टेपवर होतं तेच आहे. तरी बास आणि ड्रम आजच्या सवयीप्रमाणे ठळक केलेत, आणि ही आजची आवड आहे. जॉन २०१८ मध्ये नव्हता, जॉर्जही नव्हता. पॉल आणि रिंगो होते. म्हणून माझं म्हणणं इतकंच की नवं मिक्स ऐका, पण जुनं पुसलं जाऊ नये. दोन्ही ॲपवर शेजारी शेजारी आहेत, ही चांगली गोष्ट आहे. 'झंकार'च्या बाबतीत काही गाण्यांचं मूळ शोधताना आपली दमछाक होते.

दुसरा आरोप: बँड फुटलेला होता

याला पुरावे भक्कम आहेत, लपवण्यात अर्थ नाही.

१६ जुलैला जेफ एमरिक, म्हणजे त्यांचा नेहमीचा साउंड इंजिनीअर, वातावरण सहन होईना म्हणून काम सोडून निघून गेला. त्याच्या जागी केन स्कॉट आला. २२ ऑगस्टला खुद्द रिंगो बँड सोडून गेला. 'बॅक इन द यू.एस.एस.आर.' आणि 'डिअर प्रूडन्स', म्हणजे अल्बमची पहिली दोन गाणी, त्यांत ड्रमवर रिंगो नाहीच. सप्टेंबरात तो परतला तेव्हा बाकीच्यांनी त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवून ठेवला होता. कधी एकाच वेळी वेगवेगळ्या स्टुडिओत वेगवेगळं काम चाले. चौघे एकत्र वाजवताहेत अशी गाणी ३० पैकी साधारण निम्मीच. मघाच्या 'लाँग, लाँग, लाँग' मध्येही जॉन नाही. सप्टेंबरात जॉर्ज मार्टिन सुट्टीवर गेला आणि मागे जबाबदारी कुणावर, तर २१ वर्षांच्या ख्रिस थॉमसवर. तुमच्यातल्या काहींच्या वयाचा पोरगा, आणि समोर जगातला सगळ्यात मोठा बँड!

आणि जॉर्जचं काय? त्याचं 'नॉट गिल्टी' नावाचं गाणं. त्याच्या टेकचे आकडे १०२ पर्यंत गेले. एवढं करून ते अल्बममध्ये घेतलंच नाही. शेवटी १९७९ मध्ये त्याने ते स्वतःच्या अल्बममध्ये नव्याने गायलं. तो १०२ क्रमांकाचा टेक २०१८ च्या संचात आहे.

इथवर ऐकलं तर आरोपी दोषी. पण आता टेप ऐकू.

एशरच्या बंगल्यातल्या त्या २७ गाण्यांत भांडण शोधून सापडत नाही. एकमेकांच्या गाण्यांवर टाळ्या आहेत, मागून कुणीतरी ओरडतंय, सूर चुकला तर हशा आहे. 'हेल्टर स्केल्टर'चा १८ जुलैचा एक टेक संचात आहे, जवळपास १३ मिनिटांचा. एमरिक निघून गेल्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते. तो टेक संथ आहे, ब्लूजसारखा घुमत राहणारा. एकमेकांकडे कान नसलेली माणसं तेरा मिनिटं असं वाजवू शकत नाहीत.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा साक्षीदार वेगळा आहे. अल्बमचं शेवटचं गाणं, 'गुड नाइट'. जॉनने आपल्या छोट्या मुलासाठी, ज्युलियनसाठी, लिहिलेली अंगाई. गातो रिंगो, मागे जॉर्ज मार्टिनचा मोठा वाद्यवृंद. जुन्या सिनेमाच्या शेवटासारखं गोड, कुणाला जरा जास्तच गोड वाटेल असं. संचात याच गाण्याचा दहावा टेक आहे. त्यात वाद्यवृंद नाही. एक गिटार आहे, रिंगोचा आवाज आहे, आणि त्याच्या भोवती बाकीच्या तिघांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. ज्या उन्हाळ्याबद्दल आपल्याला सांगितलं गेलं की हे एका खोलीत बसू शकत नव्हते, त्याच उन्हाळ्यात तिघे जण चौथ्याला साथ देत अंगाई गाताहेत. पन्नास वर्षं ही टेप कपाटात होती. २०१८ मध्ये ती ऐकून कित्येकांना एकच प्रश्न पडला, हेच का नाही घेतलं अल्बममध्ये?

इथे मात्र सावध राहायला हवं. टेप खोटं बोलत नाही हे खरं, पण कपाटातून कुठली टेप काढायची हे माणसं ठरवतात. तासन् तासांच्या रेकॉर्डिंगमधून संचात १०७ ट्रॅक आले. ५० व्या वाढदिवसाच्या संचात कुणी रुसवेफुगवे भरून देणार नाही, साखरच वाटणार. लग्नाच्या व्हिडिओत मानपानावरून झालेलं भांडण कधी दिसतं का? म्हणून या टेपमुळे भांडण झालंच नाही असं सिद्ध होत नाही. रिंगो गेला होता, एमरिक गेला होता, ही घडलेली गोष्ट आहे.

सिद्ध काय होतं? की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. ज्यांचं एकत्र कुटुंब आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी वाटणीवरून आवाज चढतो आणि संध्याकाळी एकाच ताटलीतले शेंगदाणे खात मॅच बघितली जाते. बँड १९७० मध्ये फुटला हे आपल्याला माहीत असल्यामुळे आपण १९६८ ची प्रत्येक टेप शेवटाकडून मागे वाचतो. प्रत्येक शांततेत तडा ऐकतो. इतिहास वाचताना हा मोह सगळ्यात घातक असतो. त्या चौघांना शेवट माहीत नव्हता. त्यांच्यासाठी तो एक मंगळवार होता आणि एक गाणं पुरं करायचं होतं.

तिसरा आरोप: अल्बम उगाच लांब आहे

हा आरोप खुद्द घरातूनच आला. जॉर्ज मार्टिनचं मत होतं की गाणी निवडून एकच दमदार रेकॉर्ड करावी. बँडने ऐकलं नाही. तेव्हापासून बीटल्सप्रेमींचा हा घरगुती खेळ झालाय, ३० पैकी तुमची १४ निवडा. तुम्हीही प्लेलिस्ट करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पण करून झाल्यावर मित्राच्या यादीशी ताडून बघा. एकाची जान 'ब्लॅकबर्ड'मध्ये, दुसऱ्याची 'यर ब्लूज'मध्ये. कुणी 'रेव्होल्यूशन ९' पहिल्या झटक्यात उडवतो. ते गाणंसुद्धा नाही, आठ मिनिटांहून जास्त चालणारा आवाजांचा कोलाज आहे, कापलेल्या टेप, उलटी वाजवलेली वाद्यं, गर्दीचे आवाज. आणि कुणी म्हणतो, तेच तर अल्बमचं धाडस.

आज ऐकताना आपली एक अडचण आहे. आपण हा अल्बम सलग ९३ मिनिटांची पट्टी समजतो. तो तसा बनवलेला नाही. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. मग उठायचं, रेकॉर्ड उलटायची, चहा टाकायचा, परत बसायचं. चार बाजू म्हणजे चार अंक. संगीत नाटकाला अंकांमध्ये मध्यंतर असतं ना, तसंच. ते मध्यंतर काढून टाकलं तर कुठलंही नाटक लांबलेलंच वाटेल.

आणि क्रम काळजीपूर्वक लावलेला आहे. ऑक्टोबरमध्ये जॉन, पॉल आणि जॉर्ज मार्टिन यांनी एका दमात सुमारे २४ तास बसून ३० गाण्यांची रांग लावली. जॉर्जची चार गाणी चार बाजूंना एकेक. 'ब्लॅकबर्ड', 'पिगीज', 'रॉकी रकून' ही पशुपक्ष्यांची नावं असलेली तिन्ही गाणी मुद्दाम एकापाठोपाठ. तिसऱ्या बाजूच्या शेवटी 'हेल्टर स्केल्टर'चा वणवा आणि मग 'लाँग, लाँग, लाँग'ची राख. चौथ्या बाजूला 'रेव्होल्यूशन ९'चं दुःस्वप्न आणि लगेच 'गुड नाइट'ची अंगाई. दुःस्वप्न काढून टाका, अंगाईचं कारणच संपलं. मला तरी 'गुड नाइट' ती आठ मिनिटं सोसल्यावरच जास्त आवडतं.

शफल लावून ऐकलात तर हे काही कळणार नाही. ३० सुटी गाणी मिळतील, त्यातली दहा आवडतील, आणि तुम्ही म्हणाल, बरोबर, लांबच आहे.

निकाल

आवाजाच्या आरोपातून निम्मी सुटका. बँडच्या भांडणाचा आरोप खरा, पण ती पूर्ण गोष्ट नव्हे. लांबीचा आरोप मी फेटाळतो, तुम्ही अपील करायला मोकळे.

पण या सगळ्यातून माझ्या हाती लागलं ते निकालापेक्षा वेगळं आहे. आपण एखाद्या कलाकृतीबद्दल जे "सगळ्यांना माहीत आहे" म्हणतो, ते बऱ्याचदा कुणीतरी एका विशिष्ट स्पीकरवर, विशिष्ट मूडमध्ये ऐकून लिहिलेलं असतं. मग ते पुस्तकात जातं, पुस्तकातून माहितीपटात, तिथून रील्समध्ये. तपासून बघायची संधी क्वचित मिळते, कारण तपासायला मूळ सामान जपलेलं असावं लागतं. बीटल्सच्या टेप जपल्या गेल्या म्हणून हा खटला परत उघडता आला. आपल्याकडची किती भावगीतं, नाट्यगीतं, लोकनाट्याची रेकॉर्डिंग अशी आहेत की ज्यांची मूळ टेप कुठे आहे हे विचारल्यावर समोरून फक्त शांतता येते? घरात माळ्यावर जुन्या कॅसेट असतील, आजोबांनी स्वतः भरलेल्या मैफली असतील, तर त्या भंगारात देण्याआधी एकदा फोनवर उतरवून घ्या. पन्नास वर्षांनी कुणाला तरी त्यातली बाटलीची खडखड ऐकायची असेल.

आता गृहपाठ, तीनच गोष्टींचा. एक, 'लाँग, लाँग, लाँग' आधी २००९ चं आणि लगेच २०१८ चं ऐका, आवाजाच्या बटणाला हात न लावता. दोन, 'गुड नाइट' अल्बममधलं आणि मग दहावा टेक. तीन, एखाद्या रविवारी अल्बम चार बाजूंत ऐका. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' नंतरचं गाणं, म्हणजे 'हॅपिनेस इज अ वॉर्म गन', संपलं की पहिली बाजू संपली. फोन खाली ठेवा, चहा करा, मग पुढे. 'ज्युलिया'ला दुसरी संपते, 'लाँग, लाँग, लाँग'ला तिसरी.

आणि चौथी बाजू रात्री ऐका. दिवे मालवून. भीती वाटली तर बंद करू नका, अंगाई शेवटी आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर कान शाबूत ठेवा!